तुझं काउंटिंग बरोबर होतं, तृप्ती

आत्ताच्या आत्ता सांगायचंय. उद्यावर टाकलं तर मी शहाणी होईन, शब्द निवडून निवडून लिहीन, आणि तसलं लिहिलेलं तू दोन ओळी वाचून "बोअर करतेस गो" म्हणून सोडून दिलं असतंस. म्हणून स्टँडवरच बसून लिहितेय. जयगडची गाडी अजून लागलेली नाही. बाजूला एक काकी माझ्या खांद्यावरून डोकावतायत, डोकावू देत. भराभर लिहितेय, चुका होतील, होऊ देत. लिहून झालं की सगळ्यांना दिसेल असं टाकणार आहे. बोलतेय तुझ्याशी, पण ऐकू देत सगळे.

तृप्ती, आज डिपार्टमेंटमध्ये तुझी शोकसभा झाली.

फोटो कुठला लावला होता माहितेय? ट्रॅडिशनल डेचा. तोच, नथीवाला. "नथ नाही गो, गळ टोचलाय माशाला" असं म्हणून तू तो ग्रुपवरून काढायला लावला होतास. कोणाकडे तरी राहिलेला. त्यालाच हार घातला. दोन मिनिटं उभे राहिलो, त्यात कोणाचा तरी फोन वाजला, तो बंद होईना. मग आपल्या हिमॅटॉलॉजीच्या मॅडम बोलल्या. डोळ्यात पाणी होतं त्यांच्या, उगाच खोटं नाही बोलणार. म्हणाल्या, "फार हुशार मुलगी. बघता बघता गेली. कोणाला काही कळायच्या आत."

कळायच्या आत!

कळलं होतं की! तुला कळलं होतं, मला कळलं होतं, बेंचवरच्या त्या काचेला कळलं होतं. फक्त फळ्यावर गेलं नाही.

आणि सभा संपली तर बाहेर नोटीस. बी बॅचचं प्रॅक्टिकल वेळापत्रकाप्रमाणे होईल. तुझ्यापुढची उदबत्ती अजून धुमसत होती आणि आम्ही ॲप्रनची बटणं लावत होतो. त्या प्रॅक्टिकलला आज जे झालं ते सांगायलाच बसलेय मी. पण आधी तुझ्याशी भांडून घेते. तू गेल्यापासून सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलतायत. कंटाळा आलाय मला त्या चांगल्याचा.

तू बावळट होतीस. घे.

बायोमेडिकल सायन्सच्या तिसऱ्या वर्षातली मुलगी, लेप्टोस्पायरोसिसचा सेमिनार जिने स्वतः दिला, ती लेप्टोने मरते. सांग ना, कोणाला सांगू मी हे? घरी बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला शिकवतात तरी काय तिकडे?" बाबा बंदरावर क्रेन चालवतात. त्यांच्या कामात केबिनमधला दिवा लाल झाला की क्रेन थांबते. मालक ओरडला तरी थांबते. आपल्याकडे लाल दिवा लागला तर आपण त्याला हिरवा रंग फासतो, हे त्यांना कसं समजावू?

तो सेमिनार आठवतोय मला, शब्दन् शब्द. "हा आपला घरचा जंतू आहे," तू म्हणालीस आणि वर्ग हसला. "उंदीर शेतात मुततो, आपण त्याच पाण्यात लावणी लावतो, पायाला चिखल्या झालेल्या असतात, तिथून हा आत." मग तू स्वतःच्या पायाकडे बोट दाखवलंस. बोटांच्या बेचक्यात पांढरट चिरा. मुली "ईऽऽ" करून ओरडल्या. "ईऽ काय? भात खाता ना? तो या चिखल्यांतून येतो," असं म्हणून तू पुढची स्लाइड लावलीस. ताप. पोटऱ्या दुखणं. डोळे लाल होणं. प्लेटलेट्स कमी होणं. चार ओळी होत्या. मॅडमनी तुला सगळ्यात जास्त मार्क दिले होते.

त्या चारही ओळी घेऊन तू त्या शुक्रवारी माझ्या बाजूला येऊन बसलीस.

थांब. आधीचं सांगायला हवं, नाहीतर वाचणाऱ्यांना कळणार नाही आपण कोण होतो ते.

चार नंबरचं बेंच होतं आपलं. पहिल्या दिवशी तू आलीस ती थेट संगमेश्वराच्या आतल्या वाडीवरून, डब्यात घावणे घेऊन, आणि मला विचारलंस, "तू कुठली गो?" जयगड म्हटल्यावर म्हणालीस, "म्हणजे खाडीकरीण. मग सुरमई आणणार ना रोज?" तेव्हापासून मी खाडीकरीण. गौरी हे माझं नाव तुझ्या तोंडून मी फक्त व्हायवाच्या बाहेर ऐकलं, घाबरलेली असायचीस तेव्हा.

माणसाची शीर मी पहिल्यांदा तुझ्या हातावर शोधली. आपल्या लॅबमध्ये तसंच चालतं, रक्त लागलं की एकमेकींचंच काढायचं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा निळं झालं. दुसरी कोणी असती तर हात काढून घेतला असता. तू म्हणालीस, "एवढे बांगडे साफ करतेस, त्यातली शीर बरोबर सापडते, माणसाची सापडत नाही?" आणि दुसरा हात पुढे केलास. आज माझा हात हलका आहे असं सगळे म्हणतात. तो तुझ्या हातांवर हलका झालाय. हे तुला कधी सांगितलं नाही. तू लगेच "मग फी दे" म्हणाली असतीस.

आणि तुझे ते नातेवाईक! मायक्रोस्कोपला डोळा लावलास की तुला पेशी दिसायच्याच नाहीत, माणसं दिसायची. लिम्फोसाइट म्हणजे टक्कल पडलेले काका. इओसिनोफिल म्हणजे शिमग्याला रंग लावून घरी आलेला चुलत भाऊ. आणि बेसोफिल मुंबईकर, कारण वर्षातून एकदा गणपतीलाच दिसणार. परीक्षेत मला बेसोफिल दिसला तेव्हा मी हसले आणि बाहेरून आलेल्या सरांनी विचारलं, "काय झालं?" काय सांगणार होते मी त्यांना, गणपती आले म्हणून?

तुला मुंबईच्या मोठ्या लॅबमध्ये जायचं होतं. रिपोर्टच्या खाली आपलं नाव छापून यायला हवं म्हणायचीस. मला जयगडात छोटी लॅब टाकायचीय, कारण आमच्याकडे साधं रक्त तपासायचं तरी लोक दिवसाचा रोजगार बुडवून रत्नागिरीला येतात. त्यावरून आपण किती भांडायचो. "तुझ्या लॅबला गिऱ्हाईक कोण? कोळंबी?" "आणि तू तिकडे मशीनचं बटण दाबत बस आयुष्यभर." "बटण तरी दाबीन गो, तू कोळंब्यांची शुगर बघ." ते भांडण अर्धंच राहिलंय. मी जिंकत होते, लक्षात ठेव.

आता त्या शुक्रवारचं.

तुझे बाबा मुंबईला, दादा चिपळूणला कंपनीत, लावणीला माणसं मिळत नाहीत, म्हणून तू आठवडाभर घरी जाऊन चिखलात वाकलीस. आरोग्य केंद्राच्या आशाताई वाडीत गोळ्या वाटून गेल्या होत्या, लेप्टो होऊ नये म्हणून. घरोघर जाऊन "घ्या गो, घ्या, जेवल्यावर घ्या" असं तूच समजावत होतीस, हे मला काकीने, तुझ्या आईने, सांगितलं. आणि तू? तुला त्या गोळीने मळमळतं म्हणून तू घेतली नाहीस. अख्ख्या वाडीला पाजलीस आणि स्वतः घेतली नाहीस! कोण समजत होतीस तू स्वतःला? शिकवणाऱ्याला होत नाही असं वाटलं तुला?

वर्गात आलीस तेव्हा लंगडत होतीस.

"डोळे काय गो लाल? रडलीस?"

"एसटीची खिडकी लागत नव्हती. वारा बसला."

"आणि चालतेस काय अशी?"

"तू कधी भाताचा तरवा लावलायस काय, खाडीकरणी? वाकून वाकून पोटऱ्या धरतात. तुला काय, होडीत बसायचं आणि जाळं ओढायचं."

"मी होडीत बसत नाही, मला उलट्या होतात."

"कसली गो कोळीण तू!"

"आम्ही कोळी नाही, सतरा वेळा सांगितलं."

त्या दिवशी प्लेटलेट काउंट होतं. तू बाही वर केलीस आणि म्हणालीस, "आज माझं काढ. एवीतेवी अंगात जीव नाही, निदान रक्त तरी कामाला येऊ दे." हात गरम लागला मला. मी म्हटलंही, "ताप आहे काय तुला?" तू म्हणालीस, "असेल थोडा. गोळी घेतलीय. काढ लवकर, वस्तीची गाडी पकडायचीय, शेतातले शेवटचे दोन कुणगे राहिलेत लावायचे."

एका टोच्यात आली शीर. एका! जांभळ्या बुचाची ट्यूब मी सावकाश उलटीसुलटी केली, अगदी शिकवलंय तशी. तू रक्त पातळ केलंस, चौकटी आखलेल्या त्या काचेवर सोडलंस, ओला कापूस ठेवून झाकलंस, थांबलीस, मग एकेक चौकोन मोजलास. ओठ हलत होते तुझे मोजताना. मग डोकं वर केलंस.

"बासष्ट हजार."

"हॅट! पुन्हा मोज."

पुन्हा नवीन काच भरलीस. पुन्हा मोजलंस. "अठ्ठावन्न."

वाचणाऱ्यांसाठी सांगते, दीड लाखाच्या वर हव्यात. आणि पहिल्या वर्षीच शिकवलेलं असतं की दोनदा वेगवेगळं करून तेच आलं तर आकडा खरा धरायचा. आपल्याला पाठ होतं ते. तोंडपाठ!

आणि आपण काय केलं? आपण भांडलो!

"तुझं ड्रॉ घाण आहे," तू म्हणालीस. "रक्त काढताना सुई आत फिरवलीस, ते गोठलं, प्लेटलेट्स सगळ्या गुठळीत गेल्या."

"मी फिरवली? एका टोच्यात आलीय! तुला मोजता येत नाही. त्या लाल डोळ्यांनी दिसतंय तरी काय तुला?"

"मला मोजता येत नाही? मला?"

"मग माझ्या ड्रॉमध्ये खोट का काढतेस?"

बाजूच्या बेंचवरच्या मुली हसायला लागल्या. इतक्यात फळ्यापाशी मार्कर घेऊन उभ्या असलेल्या मॅडमनी पुकारलं, "बेंच चार, रीडिंग?"

तू घड्याळाकडे बघितलंस.

"दोन लाख दहा हजार, मॅडम."

"गुड," मॅडम म्हणाल्या आणि लिहिलं.

बास. एवढंच झालं. वीज पडली नाही, फळा फुटला नाही. बेंच पाचनं दोन लाख चाळीस सांगितलं, तेही गुड.

कारण आकडा वेगळा सांगितला तर काय होतं ते आपल्याला माहीत होतं. थांबा, पुन्हा करा, सगळे गेल्यावर बसून करा. आणि वर ऐकून घ्या, "तिसऱ्या वर्षात आलात, अजून हात बसला नाही?" पहिल्या वर्षी ती सीनियर ताई काय म्हणाली होती आठवतंय? "रीडिंग घ्यायचं नसतं गं, बसवायचं असतं. पुस्तकातली नॉर्मल रेंज बघा, मधला आकडा उचला, थोडा इकडेतिकडे सरकवा, म्हणजे खरा वाटतो." आपल्याला ती केवढी भारी वाटली होती! कोणीतरी किल्ली दिली असं वाटलं. तेव्हापासून बसवतोय. सगळेच बसवतात. तीन वर्षांत आपल्या लॅबमध्ये एक माणूस आजारी निघाला नाही. शुगर नॉर्मल, हिमोग्लोबिन नॉर्मल, सगळं नॉर्मल. एवढी ठणठणीत पोरं अख्ख्या जिल्ह्यात नसतील!

आणि याला प्रयोगशाळेचं शिक्षण म्हणायचं. यातून आपण बाहेर पडणार, रिपोर्टखाली सही करणार, आणि कोणाचा तरी बाप ती सही वाचून निर्धास्त घरी जाणार.

सिंकवर हात धुताना तू म्हणालीस, "उगाच थांबवलं असतं गो. गाडी चुकली असती."

"माझ्यावर ढकललंस ते?"

"बरं बाई, तुझं ड्रॉ सोन्याचं. सोमवारी पुन्हा काढ, बघू कोणाचं चुकतं. हरेल तिनं मिसळ द्यायची."

मी तोंड फिरवलं. तू माझ्याच ॲप्रनला हात पुसलेस आणि लंगडत पळालीस.

सोमवारी आली नाहीस. तुझा मेसेज आला, "ताप उतरत नाय. लावणी संपली पण. मिसळ तयार ठेव." मी हसणारी तोंडं पाठवली. गावातल्या डॉक्टरकडे अशक्तपणा म्हणून सलाइन लावलं तुला. मग डोळे पिवळे झाले, मग लघवी होईना, मग रत्नागिरीला आणलं, आणि तिथून कोल्हापूरला हलवा म्हणाले. गाडीतून दादाचा फोन आला मला.

"गौरी, तुम्ही हेच शिकता ना? डॉक्टर म्हणतात प्लेटलेट एकोणीस हजार. म्हणजे किती कमी?"

"खूप कमी, दादा."

"अशा एकदम कशा पडल्या गं? शुक्रवारी तर कॉलेजला येऊन गेली."

मला सांगता आलं नाही तृप्ती. घाटात रेंज गेली आणि मला सुटल्यासारखं वाटलं. आणि त्या सुटण्याचा मला आता इतका राग येतो की फोन फेकून द्यावासा वाटतो.

कोल्हापुरात तू गेलीस.

दिवसांना मी तुमच्या घरी आले होते. पडवीत बायका बसलेल्या. एक म्हणाली, "शिकनारी पोर, नजर लागली." मला ओरडावंसं वाटलं, नजर नाही, उंदीर! उंदीर, चिखल, आणि आमचा मेला तो फळा! पण काकी समोर होती. काकीनं माझा हात हातात घेतला, बोटं चाचपडत बसली, आणि म्हणाली, "बाय, तुमी दोगी त्याच शिकत व्हतात ना गो? रगताचा?"

"हो काकी."

"मग तिला तिचा नाय कळला?"

टोमणा नव्हता. टोमणा असता तर बरं झालं असतं, मी रडले असते आणि सुटले असते. ती खरंच विचारत होती. जसं तू विचारायचीस, हा डाग कसला, ही पेशी कुठली. तिला फक्त उत्तर हवं होतं आणि माझ्याकडे होतं. मी दिलं नाही. तिला काय सांगू? कळला काकी, दोनदा कळला, दोनदा मोजला, आणि आम्हाला तीन वर्षं हेच शिकवलंय की स्वतःला दिसलेलं सोडून पुस्तकातलं सांगायचं?

घरी येताना गाडीत मला ते लख्ख दिसलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाही. माझं ड्रॉ बरोबर होतं. आणि तुझं काउंटिंगही बरोबर होतं. आपण दोघी बरोबर होतो गो! दोघींचे हात बसलेले होते, दोघी चांगल्या होतो, इतक्या चांगल्या की हाताने मोजून त्या शुक्रवारीच पकडलं आपण! आणि आपल्याला वाटलं काय, तर दोघींपैकी एक ढ आहे. आपल्या हातावर विश्वास ठेवायला आपल्याला कोणी शिकवलंच नाही. दुसरीचं चुकलंय एवढं मात्र चटकन सुचतं.

आता आजचं.

हिमोग्लोबिन होतं आज. चार नंबरच्या बेंचवर मी एकटी. मॅडम म्हणाल्या, "दुसऱ्या बेंचवर बस." मी म्हटलं, "नको." स्वतःचंच बोट टोचलं. साडेनऊ आलं. बारा तरी हवं. पुन्हा केलं. साडेनऊ. माझी रोजची धाप, जिना चढताना डोळ्यापुढे येणारे काजवे, सगळं त्या नळीत तांबूस होऊन बसलं होतं, फिकट.

फळ्यावर आकडे चढत होते. साडेबारा. तेरा. बारा पॉइंट आठ. सगळ्या ठणठणीत.

"बेंच चार?"

"साडेनऊ."

मार्कर थांबला. "पुन्हा कर."

"दोनदा केलं, मॅडम. दोनदा साडेनऊ."

"पिपेट नीट भरलीस का?"

"भरली."

मागून कोणीतरी कुजबुजलं, "गौरी, बारा सांग ना गो, गाड्या चुकतील सगळ्यांच्या."

आणि मग माझं डोकं फिरलं. मी वळले आणि ओरडलेच. "तृप्तीनं पण गाडीसाठीच सांगितलं होतं! दोन लाख दहा! बासष्ट हजार होत्या तिच्या. दोनदा मोजल्या तिने. याच बेंचवर!"

मॅडमचं तोंड पांढरं पडलं. हळू आवाजात म्हणाल्या, "मग तेव्हा का नाही सांगितलंत?"

"तुम्ही गुड म्हणालात, मॅडम."

मी हे उद्धटपणे नाही बोलले. खरंच तसंच झालं होतं म्हणून बोलले. त्या म्हणायला लागल्या, "अगं, पण स्टुडंटच्या रीडिंगवर..." आणि तिथेच खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "आम्हीसुद्धा असंच शिकलो गं." मला त्यांचा राग आला आणि कीवही आली, आणि कीव आली म्हणून आणखी राग आला.

मग शेवटच्या बेंचवरून आवाज आला. "मॅडम, माझं साडेबारा नाहीये. दहा आहे."

आणखी एक. "माझं पण अकराच्या खाली."

"माझं नऊ, पण मला वाटलं माझं चुकलं."

मला वाटलं माझं चुकलं. सगळ्यांना हेच वाटलेलं!

मॅडम उठल्या. डस्टर घेतला, फळा सगळा पुसला, आणि आमच्याकडे पाठ ठेवूनच म्हणाल्या, "पुन्हा सांगा. आलंय तेच सांगा." एकेक बेंच सांगत गेलं आणि त्या लिहीत गेल्या. निम्म्या मुली कमी निघाल्या गो. निम्म्या! तीन वर्षं रोज एकत्र डबा खातोय आपण. दोघींच्या गाड्या चुकल्या, एक जण माझ्याशी बोलेना, जाताना म्हणाली, "तुला मोठेपणा हवाय." हवाय तर हवाय. ज्यांचं कमी आलं त्यांना मॅडमनी उद्या डॉक्टरकडे नेते म्हणून सांगितलंय. मलाही.

सगळे म्हणतील आता, बघ, तुझ्या मैत्रिणीमुळे काहीतरी चांगलं झालं. खबरदार कोणी म्हणाल तर! मला नाही बरं वाटलं. तो फळा पुसलेला बघून मला आणखीनच संताप आला. एवढं सोपं होतं? एक डस्टर फिरवायचा होता? "आलंय तेच सांगा", एवढे तीन शब्द बोलायचे होते? हे तीन शब्द त्या शुक्रवारी कोणी बोललं असतं तर तुझी गाडी चुकली असती. फक्त गाडी.

उद्या डॉक्टरकडून तशीच मी काकीकडे जाणार आहे. तिला उत्तर देणार आहे. शिव्या देईल, देऊ दे. हाकलेल, हाकलू दे. तिनं विचारलंय, आणि जे आलंय ते मी सांगणार.

तर हे वाचताय ते सगळे, कुठेही शिकत असा, नर्सिंगला, फार्मसीला, डीएमएलटीला, कुठल्याही लॅबमध्ये असा. मला खरं खरं सांगा, खाली लिहा, नाव नका टाकू हवं तर. तुमच्याकडेही रीडिंग बसवतात काय? तुम्ही कधी डोळ्यांनी एक बघून तोंडाने दुसरंच सांगितलंय काय, फक्त पुन्हा करायला लागू नये म्हणून? आणि तेव्हा काचेखाली कोणाचं रक्त होतं, हे तुम्हाला आठवतंय काय?